टिकलीखालची जागा

आमच्या सासूबाईंची टिकली दरवर्षी थोडी थोडी मोठी होत होती. लग्न होऊन मी गडमुडशिंगीला आले तेव्हा ती मसुराच्या डाळीएवढी होती. मग वाटाण्याएवढी झाली, मग शर्टाच्या बटणाएवढी, आणि अलीकडं तर समोर बसलं की आधी टिकली दिसायची आणि मग सासूबाई. मला वाटायचं, वयाबरोबर माणसाची आवड बदलते, तशी त्यांची बदलली असेल. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. आत्यांना (आम्ही सासूबाईंना आत्या म्हणतो) त्यांच्या वागण्याबद्दल काही विचारायची पद्धतच आमच्या घरात नाही. विचारायचा हक्क त्यांचा, उत्तर द्यायचं काम बाकीच्यांचं.

त्यांच्या बोलण्याची ओळख मला मुलगी बघायच्या कार्यक्रमातच झाली होती. माझा रंग काळा. गव्हाळ, सावळा वगैरे नव्हे, स्वच्छ काळा. त्यांच्याबरोबर आलेल्या कुणीतरी बाईनं कुजबुजत तो विषय काढला. आत्यांना कुजबुजता येत नाही. त्या भरल्या घरात म्हणाल्या, "आमच्या दावणीला म्हशी बी काळ्याच हाईत. कुटं काय अडलंय?" मला म्हशीच्या रांगेत बसवल्याचा राग पुढं बरेच दिवस होता. मग एकदा शेण काढताना तेच वाक्य आठवून मी एकटीच हसत सुटले आणि राग गेला तो गेलाच.

मी कोल्हापुरात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात संशोधन करते. कातडीला रंग देणाऱ्या एन्झाइमला झाडपाल्यातली कोणती द्रव्यं अडवतात, हा माझा विषय. गावात हे मी एकदाच सांगितलं आणि पस्तावले. दुसऱ्या दिवसापासून मी गोरं व्हायचं औषध करणारी सून झाले. पोरी डेअरीवर गाठून म्हणायच्या, "वैनी, डबीभर आणा की." मी त्यांना सांगायची की माझ्याकडं डबी नाही, काचेच्या नळ्या आहेत, आणि त्या नळ्यांतलं एन्झाइम अळंबीतून काढलेलं आहे, माणसाचं नाही. शिवाय माझ्याकडं बघा, असं औषध असतं तर मी अशी दिसले असते का? यावर त्या म्हणायच्या, वैनी कंजूष आहे.

आत्यांनी मात्र मला नीट बसवून विचारलं होतं की तू करतेस तरी काय. मी चिरलेल्या वांग्याचं उदाहरण दिलं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, कारण त्याच्यात एक एन्झाइम असतं. आपल्या कातडीच्या थरात रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यातही त्याच भावकीतलं एक एन्झाइम असतं, टायरोसिनेज नावाचं. ते काळं करायचं काम कसं थांबतं ते मी बघते. आत्या म्हणाल्या, वांगं मिठाच्या पाण्यात टाकायचं, त्याला एवढं शिकायला कशाला पाहिजे. आणि उठून भाजी फोडणीला टाकायला गेल्या.

ते एन्झाइम थांबतं कसं, हे मी वर्गात एसटीच्या भाषेत शिकवते. टायरोसिनेजच्या पोटात एक खोलगट जागा असते आणि तिथं तांब्याचे दोन अणू असतात. टायरोसिन नावाचा साधा पदार्थ त्या जागेवर येऊन बसतो, त्याचं रूप पालटतं, आणि पुढं एकातून एक बदल होत काळपट रंग तयार होतो. आता कोल्हापूरच्या स्टँडवर राधानगरीची गाडी लागली की लोक काय करतात? खिडकीतून रुमाल टाकतात. माणूस अजून खाली पण जागा गेलेली. ज्येष्ठमधाच्या मुळातली, तुतीच्या सालीतली काही द्रव्यं असा रुमाल टाकतात. काहींचा आकार टायरोसिनसारखा असतो म्हणून त्यांना ती जागा बेतून शिवल्यासारखी बसते, काही थेट तांब्यालाच धरून राहतात. खरा प्रवासी दारात उभा राहतो आणि रंग तयार व्हायचा थांबतो. बहुतेक वेळा हा रुमाल उचलता येतो. द्रव्य निघून गेलं की जागा मोकळी, काम पुन्हा सुरू. म्हणून असल्या मलमांचा परिणाम लावणं बंद केल्यावर ओसरत जातो.

नळीतलं पाणी एरवी बघता बघता नारिंगी आणि मग तपकिरी होतं. तुतीच्या सालीचा अर्क घातला की तसंच नितळ राहतं. ते नितळ राहिलेलं बघायला मला मनापासून आवडायचं. त्या आनंदाचा गोरेपणाशी काही संबंध नव्हता. आपण म्हटलं आणि तसं झालं, एवढाच तो आनंद.

त्या हिवाळ्यात नणंदेचं लग्न ठरलं. ती कागलला शाळेत शिकवते, मुलगाही तिकडचाच. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघंही खूश झाली, हे तिच्या मोबाइलकडं बघून हसण्यावरून कळत होतं. साखरपुड्याची तारीख धरली. उसाच्या तोडी चालू होत्या, रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग होती, आणि अशा एका दुपारी आत्या एकट्या, केएमटीच्या बसनं, विचारत विचारत माझ्या लॅबच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात शेंगांची पिशवी. त्या कधी कॉलेजात आल्या नव्हत्या. मामंजींना काही झालं का, म्हशीला काही झालं का, असं मी विचारत राहिले. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि दार लावायला सांगितलं.

मग म्हणाल्या, "तू गोरं करायचं औषध करतीस न्हवं? काळं करायचं हाय का एखादं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी नखानं टिकलीची कड उचलली आणि टिकली काढली. खाली पांढरा गोल होता. उन्हातान्हात रापलेलं त्यांचं कपाळ, आणि मधोमध चुन्याचं बोट टेकवल्यासारखी ती जागा. आत्यांचं टिकलीशिवायचं कपाळ मी पहिल्यांदा बघत होते. त्या माझ्याकडं न बघता खिडकीकडं बघत होत्या.

"कोड फुटलंय," त्या म्हणाल्या. "पोरीचं ठरलंय आन माझ्या कपाळावर कोड."

आमच्याकडं स्थळ बघताना जमीन, शिक्षण, देवक सगळं विचारून झालं की शेवटी हळूच विचारतात, घराण्यात कुणाला कोड आहे का. कोड कुणाला लागत नाही, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही, पण एवढ्यावरून ठरलेली लग्नं मोडतात हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. आत्या रडल्या नाहीत. मला मात्र त्यांच्या उघड्या कपाळाकडं बघून रडू येत होतं, कारण एवढी वर्षं ही बाई ते ओझं डोक्यावर घेऊन म्हशी धूत होती, पाहुण्यांना वाढत होती, आणि झोपतानाही टिकली काढत नव्हती.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हळूहळू विचारलं. आधी मधोमध एक ठिपका दिसला होता. तो झाकायला थोडी मोठी टिकली आणली. काही महिन्यांनी पांढरं तिच्या कडेला आलं, म्हणून आणखी मोठी आणली. महाद्वार रोडवरच्या गाड्यावरून त्या एकाच प्रकारची पाकिटं आणत, कारण ती टिकली घामानं निघत नसे. मी भिंग घेतलं आणि त्यांची हनुवटी वर केली. गोल इतका नेमका होता की कंपास घेऊन आखावा. हाताच्या बोटांवर, ओठांच्या कडेला, कोपरांवर कुठंही दुसरा डाग नव्हता. कोड असं टिकलीचं माप घेऊन येत नाही.

असा डाग पाडणारं एक रसायन मला वाचून माहीत होतं. काही टिकल्यांच्या डिंकात, काही रबरी वस्तूंच्या चिकट पदार्थांत असतं. त्याचाही आकार टायरोसिनसारखा असतो आणि तेही त्याच तांब्याच्या जागेवर येऊन बसतं. पण ते रुमाल टाकून थांबत नाही. एन्झाइम त्यालाही प्रवासी समजून त्याचं रूप पालटतं, आणि ते पालटलेलं रूप रंगाच्या पेशीलाच विषारी ठरतं. पेशी गेली की रंग गेला. झाडातून आलेलं सगळं गरीब आणि कारखान्यातलं सगळं दुष्ट, असंही नाही. परदेशात एका झाडातल्या द्रव्यापासून केलेलं गोरेपणाचं मलम लावून बायकांच्या चेहऱ्यावर असेच पांढरे डाग पडल्याचं मी वाचलेलं आहे. अडवणं आणि मारणं यांत फार अंतर नसतं, एवढाच मुद्दा. मी ज्या जागेवर इतकी वर्षं काम करत होते, तीच जागा माझ्या घरात एका टिकलीखाली होती.

मी आत्यांना सांगितलं की हे बहुतेक टिकलीमुळं झालंय. त्यांनी टेबलावर चिकटवून ठेवलेल्या त्या टिकलीकडं बघितलं. मग म्हणाल्या की म्हणजे मी झाकत होते आणि ही खात होती.

त्याच आठवड्यात आम्ही कातडीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी टिकलीचा तुकडा पाठीवर लावून तपासलं आणि तेच सांगितलं. सगळ्याच टिकल्या अशा नसतात, सगळ्यांनाच असं होत नाही, पण यांनी चिकटणारं काही कपाळाला लावायचं नाही. लावायला एक मलम दिलं. रंग परत येईल का? येऊ शकतो, वेळ लागेल, खात्री देत नाही. आत्यांनी फी दिली आणि बाहेर येऊन म्हणाल्या की एवढं तर ज्योतिषीपण सांगतो.

घरी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. टिकली नाही म्हणजे कपाळ मोकळं, आणि मोकळ्या कपाळानं फिरायला त्या तयार नव्हत्या. मालक चांगले धडधाकट असताना लोकांनी काय समजायचं, असं त्यांनी मला सुनावलं. कुंकू चालेल असं डॉक्टर म्हणाले होते, पण रंगाची भेसळ नको. बाजारातल्या कुंकवावर माझा विश्वास नव्हता. मग मीच हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार घेऊन कुंकू करायला बसले. पिवळ्याचं लाल होताना आत्या परातीवर वाकून बघत होत्या. हळदीतही टायरोसिनेजला थोडं अडवणारं द्रव्य असतं, तर हे चालेल का, असं मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते हसले आणि म्हणाले, तेवढ्यानं काही होत नाही, लावू द्या त्यांना.

पण कुंकू टिकलीसारखं जागेवर बसत नाही. चुलीपुढं घाम आला की ते ओघळायचं आणि कडेनं पांढरं डोकावायचं. दोन दिवसांत डेअरीवर दोघीजणी एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्यांनी किटली अशी आपटली की दूध मोजणारा दचकला. घरी येऊन मात्र त्या नुसत्या बसून राहिल्या.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मामंजी म्हणाले की एक दिवस लाव की टिकली, साखरपुडा पार पडू दे, मग निवांत सांगू. मलाही ते पटलं होतं. एका दिवसानं काही आकाश कोसळणार नव्हतं, आणि विहीणबाई कशा आहेत ते आम्हाला कुठं माहीत होतं? बघण्याच्या कार्यक्रमात त्या चार वाक्यांच्या वर बोलल्या नव्हत्या. कमी बोलणाऱ्या माणसांची मला भीती वाटते, आमच्या घरात तशी सवय नाही. नणंद दाराशी उभी होती. ती आईला म्हणाली, तुला जसं वाटेल तसं कर. पण मोबाइल तिनं हातात घट्ट धरला होता.

आत्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "झाकलं म्हणून तर एवढं वाढलं. तूच सांगितलंस न्हवं?"

मी वर्षानुवर्षं ज्याचा अभ्यास केला त्याचा असाही अर्थ निघतो, हे मला सुचलं नव्हतं.

साखरपुडा आमच्या दारातच होता. मांडव घातला होता, कागलहून दोन जीपगाड्या भरून पाहुणे आले. सकाळी आत्या चहा कपाबाहेरच गाळायला लागल्या, तेव्हा गाळणं मी माझ्या हातात घेतलं. नणंद हिरव्या साडीत पाटावर बसली. कपाळावर खड्यांची मोठी टिकली, मैत्रिणींनी हौसेनं लावलेली. विहीणबाईंनी तिची ओटी भरली, साखरेचा पुडा हातात दिला. मग बायकांना हळदीकुंकू लावत लावत त्या आत्यांपुढं आल्या आणि अंगठा कुंकवात बुडवला.

आत्यांनी त्यांचा हात धरला. दुसऱ्या हातानं पदराचं टोक घेऊन स्वतःचं कुंकू पुसलं.

"ईनबाई, आदी हे बगा," त्या म्हणाल्या. "टिकलीच्या डिंकानं झालंय. डॉक्टर म्हंत्यात कोड न्हाय. तुमच्या जिवाला पटत नसंल तर आत्ताच सांगा, माझ्या पोरीला नंतर बोल नको."

आत्यांचा आवाज नेहमीचाच, म्हणजे मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. मामंजी जमिनीकडं बघायला लागले. विहीणबाईंनी त्या पांढऱ्या गोलाकडं नीट बघितलं आणि मग माझ्याकडं वळल्या. सुनबाई त्यातलं शिकलेली आहे असं त्यांनी ऐकलं असावं. मी बोलायला लागले. पेशी, एन्झाइम, तांब्याची जागा. एसटीच्या रुमालापर्यंत येतेय तोवर त्यांनी हात वर केला.

"एकच सांगा. पोरीला हुईल का?"

मी म्हटलं, आत्यांचं तिच्याकडं जाणार नाही. पण असल्या टिकलीनं तिलाही झालं तर सांगता येत नाही.

विहीणबाई वळल्या आणि पाटाकडं गेल्या. नणंदेपुढं वाकून त्यांनी तिच्या कपाळावरची खड्यांची टिकली काढली.

भरल्या ओटीच्या मुलीचं कपाळ मोकळं करायचं, याचा अर्थ आमच्याकडं एकच होतो, लग्न मोडलं. माझ्या मागं कुणीतरी बाई देवाचं नाव घेत होती. नणंदेचे डोळे भरून आले. ती पाटावरून हलली नाही, पण साखरेचा पुडा तिनं उराशी धरला. आत्या जागच्या जागी उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

विहीणबाईंनी ती टिकली खाली टाकली, अंगठा पुन्हा कुंकवात बुडवला आणि नणंदेच्या कपाळावर टेकवला. नेहमी लावतात त्यापेक्षा मोठं, गोल. मग तिथूनच म्हणाल्या, "आमच्यात आता हेच लावायचं." परत आल्या आणि आत्यांच्या पांढऱ्या जागेवर तोच अंगठा टेकवला. एकदा टेकवून कड उरली म्हणून पुन्हा टेकवला. पांढरं पूर्ण झाकेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या.

त्यानंतर जेवणं झाली. आत्यांनी वाढताना सगळ्यांना एवढा आग्रह केला की कागलच्या पाहुण्यांनी पानावर आडवे हात धरले. मी मागच्या दारी जाऊन मनसोक्त रडले आणि मग बुंदीची पाटी घेऊन पुन्हा पंगतीत आले.

लग्न उन्हाळ्यात धरलं. मधल्या महिन्यांत आत्या रोज मलम लावायच्या आणि कोवळ्या उन्हात डॉक्टरांनी सांगितलं तेवढा वेळ बसायच्या. मी रविवारी भिंग घेऊन बघायची. दर रविवारी त्या विचारायच्या, आलं का? दर रविवारी मी नाही म्हणायची. काही दिवसांनी त्यांनी विचारणं बंद केलं. मी बघायचं बंद केलं नाही. लॅबमध्ये आठवडाभर नितळ नळ्या बघायच्या आणि रविवारी एवढ्याशा पांढऱ्या जागेत काळं शोधायचं, असं माझं चाललं होतं. नितळ नळीचा तो आनंद तेव्हा पहिल्यासारखा होत नव्हता.

हळदीच्या दिवशी कागलहून उष्टी हळद घेऊन विहीणबाई स्वतः आल्या. नणंदेला लावून झाल्यावर त्यांनी आत्यांनाही गाठलं आणि तोंड पिवळंधमक केलं. आत्या तोंड धुऊन अंगणात उन्हात आल्या. कुंकू लावायला म्हणून विहीणबाईंनी आपल्या पदरानं त्यांचं कपाळ पुसलं आणि तशाच थांबल्या. मला खुणेनं बोलावलं.

मी भिंग आणायला धावले, पण त्याची गरज नव्हती. पांढऱ्या गोलात, बारीक लव असते तिथं, तपकिरी ठिपका होता. त्याच्या शेजारी आणखी एक. मोहरीच्या दाण्याएवढे. पेशी पुरत्या मेल्या नव्हत्या. केसाच्या मुळाशी लपून राहिलेल्या वर येत होत्या आणि आल्या आल्या आपल्या कामाला लागल्या होत्या.

"काय गं?" आत्यांनी विचारलं. त्यांना वाटलं आणखी वाढलं.

इतक्या वर्षांत एन्झाइम चालू असलेलं बघून मला कधी एवढं बरं वाटलं नव्हतं. मी नुसतीच त्यांची हनुवटी धरून उभी राहिले. शेवटी विहीणबाईच म्हणाल्या, "ईनबाई, काळं आलंय की."

आत्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग त्या वळल्या आणि दावणीपलीकडं शेंगा सोलत बसलेल्या मामंजींना गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आवं, ऐकलंसा का? काळी व्हाय लागलीया मी!"